पाश्चरच्या गांवचे द्राक्षमळे

फ्रान्सांत जाऊन द्राक्षमळे पाहून आलों असें आम्हीं कोणास सांगितलें कीं, ऐकणारे दोन प्रकारचे निघतात. एक डोळे मिचकावून "मग काय, मजा केली म्हणा कीं!" असें म्हणतो, दुसरा कांहीं म्हणत नाहीं, पण विषय बदलतो. ज्या घरांत मद्याचा थेंब येत नाहीं त्या घरच्या माणसांनीं, सत्तरी ओलांडलेली वडील बहीण आणि दोन लहान मुलें बरोबर घेऊन, मद्याच्या प्रदेशांत चार दिवस काय म्हणून काढावे, हा प्रश्न दोघांच्याही मनांत असतो. आणि तो गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. या अंकीं त्याचेंच उत्तर देण्याचें योजिलें आहे.

आमच्या आक्कांची धाकटी कन्या, म्हणजे आमची भाची, गेलीं तीन वर्षें लियों शहरीं दुधांतील सूक्ष्म जंतूंवर संशोधन करीत आहे. लेकीचें बिऱ्हाड एकदां डोळ्यांनीं पाहावें ही आक्कांची इच्छा, तेव्हां मुलांची शाळा आठ दिवस बुडवून आम्ही सारींच निघालों. भाचीनें आधींच कळविलें होतें कीं, पॅरिसचा मनोरा सगळेच पाहतात, मी तुम्हांला पाश्चरचें गांव दाखवितें. त्या गांवाचें नांव आर्ब्वा. वस्ती साडेतीन हजारांच्या आंतबाहेर. लियोंहून उत्तरेकडे जाणारी साधी आगगाडी सुमारें दोन तासांत तेथें पोंचविते.

आर्ब्वा ज्या मुलुखांत आहे तो जुरा प्रांत फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंडला लागून, डोंगरांत वसलेला आहे. भूगर्भशास्त्रांतील ‘जुरासिक’ कालखंडाला नांव मिळालें तें याच डोंगरांवरून, हें कळल्यापासून आमचे चिरंजीव प्रत्येक दगड उलटा करून पाहूं लागले. डोंगराच्या पायथ्याशीं उत्तर-दक्षिण सुमारें 80 किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी आहे, तींतच सारे द्राक्षमळे. आज त्यांचें क्षेत्र सुमारें 2,000 हेक्टर भरतें. दीडशें वर्षांपूर्वीं तें याच्या जवळजवळ दहापट होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून फायलोक्सेरा नांवाची, वेलीचीं मुळें खाणारी कीड आली आणि तिनें फ्रान्सचे मळेच्या मळे ओसाड पाडले. शेवटीं अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम बांधणें हाच उपाय ठरला. आमच्या नाशिककडील बागाइतदारांनाही ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करणें ठाऊक आहेच. तेथें कारण पाण्याची ओढ आणि जमिनींतील क्षार, येथें कीड. आपल्याकडल्याप्रमाणें डोक्यावर मांडव मात्र येथें दिसत नाहीं. कमरेएवढ्या तारांवर वेली ओळीनें चढविलेल्या, जमीन करड्या चिकणमातीची, आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा असल्यामुळें घड रसानें भरून आलेले.

गांवांतून क्विझांस नांवाची लहानशी नदी वाहते. तिच्या कांठीं पाश्चरचें घर आहे. लुई पाश्चरचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजीं येथून तासाभराच्या आंत असलेल्या डोल या गांवीं झाला. पण तो लहानाचा मोठा झाला आर्ब्वा येथेंच. वडील नेपोलियनच्या सैन्यांत शिपाईगिरी केलेले, पुढें कातडीं कमावण्याचा धंदा करणारे. नदीकांठचें घर निवडलें तें या धंद्याला वाहतें पाणी लागतें म्हणून. मुलानें शिकून गांवच्या शाळेंत मास्तर व्हावें एवढीच त्या बापाची महत्त्वाकांक्षा होती. घरांत हिंडतांना आमच्या मनांत एक गोष्ट सारखी येत राहिली, ती लिहून टाकतों. त्याच काळांत आपल्या देशीं कातडें कमावणाऱ्याच्या मुलाला शाळेची पायरीही चढूं दिली जात नव्हती, आणि न देणारांत आपलीच माणसें होतीं. पाश्चरसारखीं किती मुलें आपण अशीं उंबऱ्याबाहेर ठेवलीं याचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं.

सोळाव्या वर्षीं या मुलाला शिकण्यासाठीं पॅरिसला धाडलें होतें. तेथें त्याचें मन लागेना. घराची आठवण एवढी अनावर झाली कीं, कांहीं आठवड्यांतच बापाला जाऊन त्याला परत आणावें लागलें. हें ऐकून आक्कांनीं लेकीकडे पाहिलें. लेक म्हणाली, "आई, पहिल्या हिंवाळ्यांत माझें तसेंच झालें होतें. तुला सांगितलें नाहीं एवढेंच."

घर आतां संग्रहालय आहे. दिवाणखाना, जेवणघर, निजण्याच्या खोल्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. कीर्ति जगभर झाली तरी उन्हाळ्याच्या सुटींत पाश्चर येथें येई व सुटींतही काम करी. वाचकांपैकीं पुष्कळांच्या समजुतीप्रमाणें पाश्चर म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याची लस आणि दुधाची पिशवी. परंतु त्याची सारी विद्या सुरू झाली ती या गांवच्या पिंपांपासून. मद्याच्या पिंपांत जो खडे धरणारा क्षार सांचतो त्यांतून टार्टरिक आम्ल निघतें. त्याच्याच स्फटिकांत उजवें व डावें असे दोन प्रकार असतात, हा त्याचा 1848 सालचा पहिला मोठा शोध. पुढें 1863 सालीं बादशहा तिसरा नेपोलियन यानें त्याच्यावर एक काम सोंपविलें. फ्रान्सचें मद्य परदेशीं जातां जातां आंबट, कडू, तारकट होऊं लागलें होतें, आणि व्यापाऱ्यांचें फार नुकसान होत होतें. पाश्चर आपले सहायक घेऊन आर्ब्वा येथें आला, एका जुन्या कॅफेच्या जागेंत प्रयोगशाळा थाटली, गांवच्या सुताराकडून व जस्तकामवाल्याकडून उपकरणें करून घेतलीं आणि शेजाऱ्यांच्या तळघरांतलें मद्य सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें. प्रत्येक बिघाडाला त्याचा त्याचा जंतु आहे, असें त्याला आढळलें.

आतां जंतु मारावयाचा तर उष्णता हवी, हें आपल्या घरांतील कोणतीही बाई सांगेल. दूध उतूं जाईपर्यंत तापवावें हा आपला नित्याचा परिपाठ. पण मद्य उकळलें तर मद्यच उरत नाहीं, चव जाते व अर्क उडून जातो. म्हणून पाश्चरचा प्रश्न ‘तापवावें कीं नाहीं’ हा नव्हता; ‘कमींत कमी किती तापविलें असतां जंतु मरतो आणि पदार्थ मरत नाहीं’ हा होता. हवा लागूं न देतां पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान थोडा वेळ तापविलें कीं काम होतें, असें त्यानें 1865 च्या सुमारास दाखविलें. आपल्या दारीं सकाळीं पडणाऱ्या पिशवीवर जो ‘पाश्चराइझ्ड’ शब्द छापलेला असतो तो येथून आला. दुधाला ही रीत त्यानें स्वतः लावलेली नाहीं. ती पुढच्या लोकांनीं लावली, आणि दुधासाठीं उष्णतामान अधिक ठेवावें लागलें. तरी मूळ युक्ति मद्याची. "मामा, आईनें जन्मभर ज्याला हात लावला नाहीं त्याच्यामुळें तिच्या चहांतलें दूध टिकतें," असें भाची हंसत म्हणाली. आक्कांनीं "मी तरीही उकळतेंच हो!" असें चटकन् बजावलें.

दुसरी एक हकीकत गांवाबाहेरच्या मळ्याची. 1874 सालीं पाश्चरनें आर्ब्वाजवळ रोझिएर येथें एक लहानसा मळा विकत घेतला. रस आंबतो कशानें, याविषयीं त्या वेळीं मोठा वाद चालला होता. क्लोद बेर्नार हा थोर शास्त्रज्ञ 1878 सालीं वारला, आणि आंबण्याला बाहेरचे सजीव लागत नाहींत अशा आशयाचीं त्याचीं टिपणें मृत्यूनंतर प्रसिद्ध झालीं. पाश्चरनें वादाला उत्तर मळ्यांतच दिलें. द्राक्षें अजून कच्चीं हिरवीं असतांना कांहीं वेलींभोंवतीं त्यानें कांचेचीं घरें उभारलीं आणि घड निर्जंतुक कापसांत गुंडाळले. सुगीच्या वेळीं उघड्यावरच्या घडांचा रस नेहमींप्रमाणें आंबला. कापसांतल्या घडांचा आंबला नाहीं. किण्व फळाच्या आंत नसतें, तें बाहेरून येऊन पिकत्या फळाच्या सालीवर बसतें, हें त्यावरून सिद्ध झालें. तसले घड त्यानें पॅरिसला नेऊन विद्वानांच्या सभेपुढें ठेवले.

हें सांगणें चाललें असतां आक्का म्हणाल्या, "मग आपल्या द्राक्षासवांत धायटीचीं फुलें घालतात तीं त्यासाठींच का ग?" भाचीनें मान डोलाविली. धायटीच्या फुलांबरोबर किण्व येतें आणि त्यानें आसव आंबतें. अर्थात् त्यांत मद्यार्क थोडाबहुत उत्पन्न होतोच. ‘घरांत थेंब येत नाहीं’ असें आम्हीं वर लिहिलें आहे तें कपाटांतली द्राक्षासवाची बाटली वगळून समजावें. वैद्याच्या सांगण्यावरून दोन चमचे घेणें आणि पेले रिचविणें यांत अंतर आहेच, पण तें अंतर मात्रेचें आहे. पदार्थाच्या जातीचें नाहीं.

घराच्या एका खोलींत कुटुंबाचीं चित्रें आहेत. थोरली मुलगी झान ही 1859 च्या सप्टेंबरांत येथेंच, आजोळच्या नव्हे तर आजोबांच्या घरीं, विषमज्वरानें वारली. ती नऊ वर्षांची होती. आमची कन्याही नऊ वर्षांची आहे, ती त्या चित्रापाशीं बराच वेळ उभी राहिली आणि "म्हणजे माझ्याएवढी?" एवढेंच तिनें विचारलें. पुढें 1865 सालीं दोन वर्षांची कामीय आणि 1866 सालीं बारा वर्षांची सेसील गेली. ज्या माणसानें रोग जंतूंपासून होतात हें जगाच्या गळीं उतरविलें त्याच्या घरीं हें घडलें, आणि तें त्या शोधाच्या आधीं घडलें.

याच संदर्भांत एका गोष्टीचा खुलासा अवश्य आहे. मद्य हें आरोग्याला सर्वांत हितकर पेय होय, अशा अर्थाचें एक वाक्य पाश्चरच्या 1866 सालच्या मद्यावरील ग्रंथांत आहे, आणि मद्यविक्रेते तें मोठ्या आवडीनें पुढें करतात. मोठ्यांचें वाक्य दिसलें कीं आपण हात जोडतों. पण त्या वेळचें पाणी कसें होतें हें लक्षांत घ्यावें. विषमज्वर आणि पटकी पाण्यांतून घरोघर पोंचत होतीं. त्या पाण्याच्या मानानें आंबवलेला रस खरोखरच कमी घातक होता. आज नळाला शुद्ध पाणी येतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें 2023 सालीं स्पष्ट सांगितलें कीं, मद्याची निर्धोक म्हणावी अशी मात्राच नाहीं. खुद्द फ्रान्सांतही हें पटत चाललें आहे. शाळेच्या भोजनगृहांत चौदा वर्षांखालील मुलांना मद्य देण्यास तेथें 1956 सालीं बंदी झाली. तोंवर देत असत, हें वाचून आमच्या घरांतून कपाळावर हात मारून घेतला! मद्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1991 सालीं झाला. 1960 च्या सुमारास त्या देशांत दर माणशीं वर्षाला शंभर लिटरांहून अधिक द्राक्षमद्य खपत असे. आज तें निम्म्याहूनही पुष्कळ खालीं आलें आहे. पाश्चरचा सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि हें वाक्य त्याच्या काळापाशीं ठेवून यावें, असें आमचें मत आहे. त्यानें स्वतः दुसऱ्यांचीं वाक्यें अशाच रीतीनें तपासलीं होतीं.

तिसऱ्या दिवशीं एका तळघरांत गेलों. आक्का प्रथम येईनात. त्यांचे थोरले दीर दारूपायींच गेले. त्या घरचीं भांडीं विकलेलीं आक्कांनीं पाहिलेलीं आहेत. अंगणांतल्या बांकावर बसतें म्हणाल्या. पण उन्ह वाढलें आणि आंत गारवा होता, म्हणून शेवटीं आल्या. येथें ‘पिवळें मद्य’ म्हणून जो प्रकार करतात तो जगांत याच प्रांताचा. साव्हान्यँ नांवाच्या द्राक्षाचा आंबलेला रस ओकच्या पिंपांत भरतात आणि सहा वर्षांहून अधिक काळ तसाच ठेवतात. लांकडांतून उडून गेल्यानें पिंप हळूहळू रितें होतें, पण वरून भर घालीत नाहींत. त्या रिकाम्या जागीं रसावर किण्वाची पातळ साय धरते आणि तीच खालच्या रसाला नासूं देत नाहीं. एका लिटरामागें 62 सेंटिलिटर उरतें असें धरून त्याची बाटलीही तेवढ्याच मापाची, बुटकी, रुंद खांद्यांची करतात. तिला क्लाव्हलँ म्हणतात. दुसरीकडे मद्यावर साय धरली कीं मालक घाबरतो, येथें तिचीच वाट पाहतात.

आलेले पाहुणे पेल्यांतला घोट तोंडांत घोळवीत आणि शेजारच्या बादलींत थुंकून टाकीत. आमच्या मुलांना हें फारच आवडलें. आक्का म्हणाल्या, "थुंकायचेंच तर घ्यायचें कशाला?" यावर भाचीनें केलेलें व्याख्यान त्यांना पटलेलें दिसलें नाहीं. मालकिणीनें एक पेला आमच्यापुढें नुसता हुंगण्यासाठीं धरला. आम्हांला अक्रोडाचा वास आला. आक्कांनीं दोन हात लांबूनच हुंगलें आणि म्हणाल्या, "मेथ्या भाजल्या कीं काय कोणी?" भाचीनें टाळीच वाजविली. मेथीच्या दाण्यांना जो वास असतो तो सोटोलोन नांवाच्या द्रव्याचा, आणि पिवळ्या मद्यांतही तेंच द्रव्य सांपडतें. मालकिणीला हें भाषांतर करून सांगितलें तेव्हां तिनें आक्कांना वांकून नमस्कारासारखें कांहींसें केलें. नाक साठ वर्षें फोडणीपाशीं तयार झालेलें आहे, तें फुकट कसें जाईल!

बाहेर आल्यावर बांकावर बसतांना आक्कांनीं सरळ विचारलें, "तूं घेतेस का ग?"

आम्ही उठून मुलांकडे जाण्याच्या विचारांत होतों, पण भाचीनें आम्हांस थांबण्याची खूण केली. ती म्हणाली, "कधीं कधीं, आई. सहकाऱ्यांबरोबर जेवतांना एखादा पेला. नाहीं घेतला तरी येथें कोणी आग्रह करीत नाहीं."

आक्का कांहीं वेळ समोरच्या वेलींकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचारल्यावर खरें सांगितलेंस, तें बरें केलेंस. मला आवडलें नाहीं, हेंही खरें." लेकीनें त्यांचा हात धरला, तो त्यांनीं सोडविला नाहीं. या विषयावर पुढें दोघी काय बोलल्या तें आम्हांस माहीत नाहीं. रात्रीं पलीकडल्या खोलींतला दिवा बराच वेळ जळत होता.

दुसरा दिवस सप्टेंबरचा पहिला रविवार होता, आणि त्या दिवशीं आर्ब्वांत ‘बियू’चा उत्सव असतो. मळेवाले आपापल्या मळ्यांतले चांगले घड आणतात आणि ते सारे एकत्र बांधून माणसाएवढा एकच प्रचंड घड करतात. वजन मणावारी. चार गडी तो दांडीला टांगून खांद्यावर घेतात, पुढें फिडलवाले, मागें सारा गांव, अशी मिरवणूक सँ-झ्यूस्तच्या देवळांत जाते आणि घड तेथें देवापुढें टांगतात. सुगीचा पहिला माल देवाला, ही कल्पना आक्कांना समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं. नवान्नाला नव्या लोंब्या देव्हाऱ्याशीं बांधणारीं आपण माणसें. पाश्चरही घरच्या मंडळींसह या मिरवणुकींत सामील होत असे. आक्का देवळाच्या दाराशीं चपला काढूं लागल्या. काढावयाच्या नसतात असें सांगितल्यावर जरा अवघडल्या, पण आंत गेल्या.

परततांना गाडी वांकडी करून व्हिलेर-फार्ले हें खेडें पाहिलें. 1885 च्या जुलैंत पाश्चरनें आल्सासच्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोंचली ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असते. त्यानंतर तीनच महिन्यांनीं आलेला दुसरा रोगी या खेड्यांतला. झ्यां-बातीस्त झ्यूपीय नांवाचा पंधरा वर्षांचा गुराखी. पिसाळलेला कुत्रा लहान मुलांवर धांवून आला तेव्हां हा पुढें झाला, कुत्र्याशीं झोंबला, त्याला ठार केलें, आणि स्वतः चावून घेतलें. गांवच्या मेयरनें पाश्चरला कळविलें. पोरगा पॅरिसला गेला आणि जगला. कुत्र्याशीं झुंजणारा त्याचा पुतळा पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आहे. त्याच संस्थेंत काम केलेला वाल्देमार हाफकिन पुढें मुंबईस आला आणि प्लेगवरची लस त्यानें 10 जानेवारी 1897 रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळच्या संस्थेला 1925 सालीं त्याचें नांव दिलें गेलें. ज्या घरांत प्लेगाच्या सालीं माणसें झोंपड्यांत राहावयास गेल्याच्या गोष्टी अजून सांगतात, त्या घरच्या मुलांना क्विझांसच्या कांठापासून परळपर्यंतचा हा रस्ता एकदां नकाशावर दाखवावा.

जाऊं इच्छिणारांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. बियूच्या दिवसांत गांवांत उतरावयास जागा मिळणें कठीण. दोन महिने आधीं ठरवावें. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाहीं: पाव, लोणी, बटाटे, अक्रोड, अलुबुखार आणि कोशिंबिरी भरपूर. या प्रांताचें कोंते नांवाचें चीज प्रसिद्ध आहे. एका चाकाला सुमारें 400 लिटर दूध लागतें, आणि गंमत अशी कीं, पाश्चरच्या मुलुखांतलें हें चीज नियमानेंच कच्च्या, न तापविलेल्या दुधाचें करतात. पण तें विरजतात वासराच्या जठरांतल्या द्रव्यानें. आपल्यापैकीं अनेकांना तें चालणार नाहीं, आणि दुकानदार तें आपण होऊन सांगत नाहींत, कारण त्यांना त्यांत सांगण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. वनस्पतीच्या विरजणाचें हवें असल्यास ‘प्रेझ्यूर व्हेजेताल’ असे दोन शब्द पाठ करून ठेवावे. मुलांसाठीं ताज्या द्राक्षांचा न आंबलेला रस बाटलींत मिळतो. आक्कांनींही तो दोनदां मागून घेतला. पाश्चरचें घर हिंवाळ्यांत कांहीं महिने बंद असतें, तेव्हां निघण्यापूर्वीं वेळा पाहून घ्याव्या.